काचेच्या अलीकडे

लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण रहमतबीला कुणी एकटं सोडलं नव्हतं, आणि तिनंही कधी तसं मागितलं नव्हतं. कुरखेड्यात मोठ्या रस्त्यावर तिच्या नवऱ्याचं, कय्यूमचं, मोटारपंपाचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर, मधे एक पडदा. पडद्याच्या त्या बाजूला दिवसभर इंजिनं धडधडायची, गिऱ्हाइकं बोलायची, आणि या बाजूला सासू-सासरे, तीन लेकरं, मग सून जोया, असं एकानंतर एक माणूस तिच्याभोवती राहिलंच. सासू-सासरे गेले, थोरली नाहीद लग्न होऊन बल्लारपूरला गेली, तरी घर काही रिकामं झालं नाही. माहेरी एटापल्लीला जायचं झालं तरी सोबतीला कुणीतरी असायचंच.

दोन हजार पाच सालची गोष्ट. त्याच्या आदल्या वर्षी पावसानं ओढ दिली, धान वाळायला लागलं आणि ज्यांच्या शेतात विहीर होती ते सगळे पंपासाठी धावले. कय्यूमनं इतके पंप विकले की कंपनीचं पत्र आलं : पाच दिवस थायलंड, जाणं-येणं, राहणं-खाणं कंपनीकडं.

कय्यूमनं पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि जेवताना म्हणाला, "नदीमले नेतो. त्याले धंद्यातलं चार माणसं भेटतीन."

नदीम त्यांचा मोठा मुलगा, दुकानात बापाच्या हाताखाली होता. त्यानं ताटातून मान वर केली नाही. "अब्बा, कागदावर 'पत्नीसह' लिवलं हाये. मी काय तुमची पत्नी हावो?"

जोया पदराआड हसली. कय्यूमनं रहमतबीकडं पाहिलं, जणू ती या घरात राहते हे आत्ताच कुणीतरी त्याच्या ध्यानात आणून दिलं होतं.

"येतं का?" त्यानं विचारलं.

"कुठी?"

"थायलंड."

"कोन्या जिल्ह्यात येते थे?" ती म्हणाली. तिला ठाऊक होतं. जोयानं माहेरून आणलेल्या शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात तिनं नकाशा पाहिला होता. पण एवढ्या मोठ्या गोष्टीला लगेच हो म्हणणं तिला जमेना.

पासपोर्ट झाले. त्यासाठी तिनं स्टुडिओत जाऊन एकदाच फोटो काढला होता, आणि त्याच्या उरलेल्या प्रती कुठं ठेवल्या ते घरात कुणालाच सांगता येईना. निघायच्या आदल्या दिवशी कंपनीच्या माणसाचा फोन आला की तिकडं उतरल्यावर विमानतळावरच व्हिसा मिळतो, तिकडच्या पैशात हजार बाथ फी आणि एक फोटो लागतो. कय्यूमनं नाहीदच्या लग्नाचा अल्बम काढला, स्टुडिओवाल्याकडं नेला आणि त्यातल्या एका फोटोतून रहमतबीचा चेहरा कापून, लहान करून आणला.

"बाजूले विहीणबाईचा कान दिसून राह्यला," रहमतबी म्हणाली.

"कोन पाहते एवढं!" कय्यूम म्हणाला.

वडशाहून गाडी, गोंदियाहून हावडा, आणि कलकत्त्याहून विमान. विमानतळावर कंपनीच्या माणसानं सगळ्या जोडप्यांना गोळा केलं. चौदा जोडपी. त्यात ओळखीचं एकच, जिवतीचा दुकानदार धनराज आणि त्याची बायको इंदुताई. माणसानं प्रत्येकाच्या हातात एकेक पाकीट दिलं. आत व्हिसाची फी आणि वरखर्चाला थोडे पैसे, तिकडच्याच नोटा. पाकिटावर नाव टाइप केलेलं होतं. रहमतबी कय्यूम शेख. ती ते पाकीट बराच वेळ हातात धरून बसली. मग बटव्यात ठेवलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा काढून पाहिलं.

विमानात तिला खिडकी मिळाली. खाली ढग होते, धुनकलेल्या कापसासारखे, आणि त्यांच्यावर विमानाची एवढीशी सावली पळत होती. कय्यूम हात घट्ट धरून डोळे मिटून बसला होता. बिघडलेलं इंजिन उघडून आत हात घालणारा माणूस, पण जे इंजिन आपल्याला उघडता येत नाही त्याचा त्याला भरवसा नव्हता.

दुपारी ते उतरले. लांबच लांब गालिच्यावरून चालत सगळे दिवाणखान्यासारख्या एका मोठ्या दालनात आले. तिथं खिडक्यांसारखे काउंटर होते, त्यांच्यापलीकडं एक पिवळी रेघ, आणि रेघेच्या पलीकडं जमिनीपासून छतापर्यंत काच. काचेच्या त्या बाजूला देश होता. या बाजूला, कंपनीच्या माणसानं सांगितलं, अजून काहीच नाही. "शिक्का बसेपर्यंत आपण कुठेच नाही आहोत, समजा," तो हसून म्हणाला आणि फॉर्म वाटून मोकळा झाला.

एकेक जोडपं पुढं गेलं. कय्यूमचा नंबर आधी लागला. त्यानं पासपोर्ट, फॉर्म, फोटो आणि हजाराची नोट काचेखालून सरकवली; आतल्या चष्मेवाल्या बाईनं शिक्का मारला. मग रहमतबी पुढं झाली. बाईनं तिचा फोटो उचलला, उजेडात धरला आणि बोटाच्या टोकानं विहीणबाईच्या कानावर टक्‌टक् केलं.

"नो," ती म्हणाली. मग हातानं दाखवलं : तिकडं, कोपऱ्यात, फोटोचं दुकान. नवा फोटो, नवा नंबर, परत या.

"काय म्हंते?" कय्यूम रेघेपलीकडून म्हणाला. त्याला परत यायचं होतं, पण गणवेशातल्या शिपायानं त्याच्यासमोर हात आडवा धरला. एकदा शिक्का बसला की मागं फिरायचं नाही. कय्यूम हिंदीत बोलला, मग आपल्या झाडी बोलीत बोलला, मग खांद्यावरच्या पिशवीकडं आणि रहमतबीकडं बोट दाखवलं. शिपाई नम्रपणे वाकला आणि त्याला हळूहळू काचेच्या पलीकडं घेऊन गेला. कंपनीचा माणूस तोवर पुढच्या लोकांसोबत सामान शोधायला निघून गेला होता.

रहमतबीनं काचेतून नवऱ्याला पाहिलं. तो ओठ हलवत होता. 'फो-टो,' म्हणत असावा. मग त्याच्यामागून मोठी गर्दी आली आणि तो बाजूला ढकलला गेला.

आजूबाजूला शेदीडशे माणसं असतील, कुठल्या कुठल्या देशांची. त्यातलं एकही तिला ओळखत नव्हतं. 'नदीमची अम्मी' म्हणून हाक मारणारं कुणी नव्हतं, 'शेखबाई' म्हणणारं नव्हतं. तिनं ओढणी नीट केली, बटवा छातीशी धरला आणि कोपऱ्याकडं चालायला लागली, कारण उभं राहिलं असतं तर रडायला आलं असतं.

फोटोवाली एक तरुण पोरगी होती. तिनं रहमतबीला स्टुलावर बसवलं आणि आपल्या कपाळावरून हात मागं नेऊन दाखवलं : ओढणी जरा मागं. रहमतबीनं बोटभर सरकवली. पोरीनं अजून थोडी, असं केलं. मग स्वतःच उठून आली, आणि लहान लेकराचं टोपरं नीट करावं तशी दोन बोटांनी ओढणी मागं केली. डोळ्यांसमोर उजेड चमकला. पाकिटातल्या लहान नोटा पुढं केल्यावर पोरीनं त्यातल्या हव्या तेवढ्या उचलल्या, उरलेल्या परत दिल्या आणि चार फोटोंची ओली पट्टी हातात ठेवली.

रहमतबीनं पाहिलं. त्यात एक बाई होती. कानाजवळ पांढरे झालेले केस, रुंद कपाळ, आणि चेहरा जरासा हसू आल्यासारखा. शेजारी कुणी नव्हतं. कुणाचा खांदा नाही, कुणाचं लेकरू मांडीवर नाही. हे मी हाये, तिनं मनाशी म्हटलं.

मशीनमधून नंबराची चिठ्ठी घेऊन ती एका खुर्चीवर बसली. तिच्या पुढं पुष्कळ नंबर होते.

सुरुवातीला ती पाटीवरचे लाल आकडे मोजत राहिली. मग आकडे बदलत गेले तसतसं तिचं लक्ष सुटलं. माथ्यावरून कुठून तरी एका बाईचा आवाज यायचा, हळू, गोड, ओढून सोडल्यासारखा. काय बोलते ते कळायचं नाही, आणि बोलणं संपलं की एक घंटी वाजायची. आजूबाजूची माणसंही आपापसात बोलत होती, पाच-सहा भाषांतून, आणि त्यांचा मिळून एकच गुंजारव होत होता. पायाखाली गालिचा मऊ होता, माघ-फाल्गुनात सागाच्या गळलेल्या पानांचा थर असतो तसा.

हा आवाज आपण आधी ऐकलेला आहे असं तिला वाटलं. कुठं, ते लगेच आठवेना. मग आठवलं.

तिचे वडील मनियार होते. एटापल्लीहून बांगड्यांची पेटी सायकलला बांधून आतल्या गोंडांच्या गावांतल्या बाजारांना जायचे, कसनसूर, जारावंडी. ती सात-आठ वर्षांची असताना आई आजारी पडली, तर दोन वर्षं ते तिला सायकलच्या दांड्यावर बसवून सोबत नेत. रस्ता रानात शिरायचा तिथं वळणावर डहाळ्यांचा एक ढीग होता. येणारा-जाणारा प्रत्येकजण एक हिरवी डहाळी तोडून त्यावर टाकायचा आणि मगच पुढं जायचा. वडीलही सायकल थांबवायचे, डहाळी तोडायचे, एक स्वतः टाकायचे, एक तिच्या हातात द्यायचे.

"अब्बा, हे तर त्याइचं हाये. आपल्यात थोडी असते?" तिनं एकदा विचारलं होतं.

"जंगल बी त्याइचंच हाये," वडील म्हणाले होते. "पराया घरात जातानी मानूस दाराशी खाकरते का नाई? तसं समज."

आणि मग बाजार. मोहाच्या झाडाखाली चादर अंथरून वडील बांगड्या मांडायचे, आणि ती पेटीला टेकून बसायची. भोवती नुसती गोंडी. बाया यायच्या, हात पुढं करायच्या, तिच्या गालाला हात लावून काहीतरी म्हणायच्या, हसायच्या. तिला एक शब्द कळायचा नाही. त्या न कळण्याचं तिला कधी भय वाटलं नाही. उलट त्या बोलण्यात ती अशी बसायची जशी उन्हाळ्यात नदीच्या डोहात गळ्यापर्यंत बसावं. कुणी काही सांगत नव्हतं, कुणी काही मागत नव्हतं. डोक्यावरून पानं हलायची, आणि तिला वाटायचं, हा दिवस असाच राहावा.

"तर मी परदेशात पहिल्यांदा नाई आली," ती पुटपुटली.

शेजारच्या खुर्चीतली बाई वळली. गोरी, थोराड, पाय सुजलेले, बूट काढून बसलेली. कुठल्याशा थंड देशाची असावी. रहमतबीनं बटव्यातून चारोळीची पुडी काढली. ही चारोळी लच्छू नावाचा माणूस दरसाल जंगलातून आणून दुकानात देऊन जायचा. तिनं मूठभर त्या बाईच्या तळहातावर ठेवली. बाईनं एक दाणा चावून पाहिला, डोळे मोठे केले, आणि आपल्या भाषेत लांबलचक काहीतरी सांगितलं. रहमतबीनं मान डोलावली.

"जंगलातली हाये," ती झाडी बोलीत म्हणाली. "उन्हाळ्यात निंगते. फोडाले लय त्रास."

त्या बाईनंही मान डोलावली. दोघी चारोळी खात बसल्या. काचेच्या पलीकडं दूर कुठंतरी मोठ्या खिडक्यांतून दुपारचं ऊन येत होतं, पिवळं, तिरपं, त्यात माणसं तरंगल्यासारखी चालत होती. रहमतबीला वाटलं आपण पाण्याच्या तळाशी बसलो आहोत आणि वरून लोक होड्यांनी चालले आहेत. तिला भूक नव्हती, तहान नव्हती. आत्ता घरी किती वाजले असतील, जोयानं कणीक मळली असेल का, नदीमनं दुकान बंद केलं असेल का, हे प्रश्न एकेक करून आले आणि तिनं उत्तर द्यायच्या आधीच निघून गेले.

तेवढ्यात पाटीवर तिचा नंबर लागला.

तिनं तो पाहिला. हातातल्या चिठ्ठीशी ताडून पाहिला. उठायचं होतं. तिनं हात खुर्चीच्या दांडीवर ठेवले, अंग पुढं झुकवलं, आणि मग ती उठली नाही.

का, ते तिलाही सांगता आलं नसतं. घंटी एकदा वाजली, दुसऱ्यांदा वाजली. आकडा बदलला. तिची छाती धडधडत होती, लहानपणी दुसऱ्याच्या झाडाची बोरं तोडताना धडधडायची तशी. काही झालं नाही. कुणी ओरडलं नाही. ती मागं टेकून बसली, आणि एकतीस वर्षांत कधी सोडला नव्हता असा एक श्वास तिनं सोडला.

किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. थोराड बाईचा नंबर आला, तिनं बूट घातले, जाताना रहमतबीच्या खांद्यावर हात ठेवला. ऊन काचेवरून खाली सरकलं. मग एकाएकी रहमतबीला कय्यूमचा चेहरा आठवला, गर्दीत बाजूला ढकलला जाताना कसा झाला होता तो. सामानाच्या किल्ल्या तिच्याच बटव्यात होत्या. त्याच्या रक्तदाबाची गोळीही.

ती उठली. मशीनमधून नवी चिठ्ठी घेतली. आता गर्दी ओसरली होती, नंबर लवकर आला. त्याच चष्मेवाल्या बाईनं नवा फोटो पाहिला, फोटोकडून रहमतबीकडं आणि रहमतबीकडून फोटोकडं, आणि पहिल्यांदाच हसली. रहमतबीनं पाकीट उघडलं, स्वतःच्या हातानं हजाराची नोट काढली, इस्तरी केल्यासारखी सरळ केली आणि काचेखालून सरकवली. शिक्का बसला. त्याचा आवाज असा आला, जसं कुणी दाराची कडी काढली.

काचेच्या पलीकडं कय्यूम एका खांबाला टेकून उभा होता. दोन्ही पेट्या पायाशी. कंपनीच्या माणसानं बस पुढं धाडली होती आणि स्वतः चौकशी करायला गेला होता. दोन तास झाले होते. कय्यूमनं तिला पाहिलं आणि झपझप पुढं आला, आणि शेकडो माणसांसमोर तिचं मनगट धरलं. लग्नात धरलं होतं, त्यानंतर चारचौघांत कधी नाही. त्याचा हात गार आणि ओला होता.

"मले वाटलं तू येतच नाई आता," तो म्हणाला. "कुठी अडकली होती? काय विचारत होते? मी त्या शिपायाले पाच बार म्हटलं, माही बायको हाये आत. त्याले समजतच नाई."

"काई विचारलं नाई," ती म्हणाली. "मी बसली होती."

"बसली होती?"

"हो. नंबर आला होता माहा. मी उठली नाई."

तो तिच्याकडं पाहत राहिला. रागावेल असं तिला वाटलं. पण तो इतका घाबरलेला होता की रागावायला त्याच्यात जागाच नव्हती. तिनं बटव्यातून गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली.

पुढचे चार दिवस समुद्र होता. इंदुताईनं तिला रोज हाक मारली, सोनेरी देवळं, काचेच्या तळाची होडी, झाडावरून हातात येऊन बसणारे पोपट, सगळं दोघींनी मिळून पाहिलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वाळूत बसलेले असताना कय्यूमनं विचारलं, "काऊन नाई उठली तू?"

लाटा येत होत्या.

"बरं वाटत होतं," ती म्हणाली.

"माहावर राग होता?"

"नाई जी. मले तुमचं ध्यानच नव्हतं तवा. कोनाचंच नव्हतं."

कय्यूम वाळूत बोटानं रेघा ओढत राहिला. त्याला ते लागलं असावं. पण थोड्या वेळानं त्यानं, कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगावी तसं, सांगितलं की त्या दोन तासांत त्याला एकही माणूस हाक मारणारं नव्हतं, आणि त्याला आपलं नावसुद्धा खोटं वाटायला लागलं होतं. "तुले बरं वाटलं," तो म्हणाला, "अन् मले मरन आठवलं." अंधार पडायच्या आधी ती त्याच्या जरा जवळ सरकली.

कुरखेड्याला परतल्यावर महिनाभर दुकानात कय्यूम थायलंड सांगत होता. पडद्याच्या या बाजूला तिलाही शेजारणी विचारायच्या, काय पाहिलं? ती समुद्र सांगायची. दिवाणखान्याचं तिनं कुणाला सांगितलं नाही.

त्या हिवाळ्यात नाहीदनं बल्लारपूरला बोलावलं. रहमतबी म्हणाली, "मी एकटी जातो." नदीमनं बापाकडं पाहिलं. कय्यूमनं नटाला पाना लावलेला होता, तो तसाच धरून म्हणाला, "जाऊ दे."

वडशाला सकाळच्या पॅसेंजरमध्ये बसवून कय्यूम परत गेला. गाडी रानातून चालली. सिंदेवाहीच्या पुढं एक लहानसं स्टेशन आलं, फलाटावर बाकडं आणि बाजूला बहावा, त्याच्या काळ्या शेंगा वाऱ्यानं हलत होत्या. गाडी थांबली, तशी रहमतबी पिशवी घेऊन उतरली. गाडी गेली. रुळांवर शांतता पसरली. एक म्हातारा शिंगाडे विकत होता, त्याच्याकडून तिनं पावशेर घेतले आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत तिथं बसली. दुपारी रुळ ओलांडून सांबराची एक मादी गेली, सावकाश, आपल्याच अंगणातून जावी तशी.

रात्री आठला ती नाहीदच्या दारात पोचली. नाहीद धावत आली.

"अम्मी! दुपारच्या गाडीले पाहून आलो आम्ही. होती कुठी तू? अब्बाले फोन केला, म्हटलं पोलिसात जाऊ का. तर ते म्हणे, राहू दे, येईन थे. जरा उशीरानं येईन."

"असं म्हणाले?"

"हो. अन् म्हणे, चहा ठेव, तिले आल्या आल्या चहा लागते."

रहमतबीनं चपला काढल्या, पिशवीतले उरलेले शिंगाडे लेकीच्या हातात दिले आणि पाय धुवायला मोरीत गेली.